यंत्राची नोंद आणि खातेदाराचा शब्द

बँकेच्या खिडकीशी होणाऱ्या व्यवहारात दोन माणसे समोरासमोर असतात. रोखपाल नोटा मोजून पुढे सरकवतो, खातेदार खिडकी न सोडता त्या पुन्हा मोजतो, आणि एखादी नोट कमी भरल्यास तिचा निकाल तेथल्या तेथे लागतो. फार तर संध्याकाळी कीर्द बंद करताना रोखपालाकडे शंभर रुपये जास्त निघतात आणि दुसऱ्या दिवशी खातेदाराला निरोप जातो. पैसे देणारे यंत्र आले तेव्हा या व्यवहारातील एक माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर चूक कबूल करणारे, निदान ऐकून घेणारे, कोणीतरी समोर असण्याची सोयही गेली. यंत्राने मागितल्यापेक्षा कमी रक्कम दिली, किंवा काहीच न देता ती खात्यात नावे टाकली, तर बोलावयाचे कोणाशी, हा प्रश्न स्वतःच्या गावातही अवघड असतो. परदेशात राहणाऱ्या माणसापुढे तो अधिक गुंतागुंतीच्या रूपात उभा राहतो. तेथे यंत्र एका बँकेचे, कार्ड दुसऱ्या बँकेचे, मधले जाळे तिसऱ्याचे आणि चलन दोन देशांचे असते. कायदा कोणत्या देशाचा लागू होतो हे तर प्रथमदर्शनी कळतच नाही.

या यंत्राच्या इतिहासात भारताचा एक लहानसा धागा आहे. लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथे बार्क्लेज बँकेच्या शाखेत २७ जून १९६७ रोजी जे यंत्र सुरू झाले, त्याचे कर्ते मानले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ साली शिलाँग येथे झाला होता. त्या यंत्रात आजच्यासारखे कार्ड नव्हते. खातेदार बँकेकडून आधी घेऊन ठेवलेली कागदी चिठ्ठी त्यात घालीत असे. तिच्यावर कार्बन-१४ या किंचित किरणोत्सर्गी द्रव्याची खूण असे. ती ओळखून आणि गुप्त अंक जुळवून यंत्र दहा पौंड देत असे. गुप्त अंक सहा आकडी ठेवण्याचा शेफर्ड-बॅरन यांचा विचार होता, परंतु पत्नीला चारच आकडे लक्षात राहतात असे आढळल्याने त्यांनी तो चार आकडी केला, असे ते सांगत. (कार्ड आणि गुप्त अंक यांची जोडी वापरणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याने १९६६ सालीच अर्ज केला होता, त्यामुळे जनकत्वाचा मान कोणाचा, हा वाद पुढे बराच चालला.) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती चिठ्ठी यंत्राच्या पोटात राहत असे आणि नंतर धनादेशाप्रमाणे वटत असे. म्हणजे व्यवहाराचा एक पुरावा हाती धरता येईल अशा रूपात उरत असे. पुढे यंत्रे तारांनी संगणकाला जोडली गेली, चिठ्ठीची जागा कार्डाने घेतली, आणि पुरावा म्हणजे बँकेच्याच संगणकातील एक ओळ, असे होऊन बसले. तक्रार ज्याच्याविरुद्ध, पुरावाही त्याच्याच ताब्यात, ही या सर्व प्रकरणातील मूळ अडचण होय.

चूक कोठे होते

खातेदाराने रक्कम मागितली की यंत्र आपल्या मालक बँकेला विचारते; ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या मध्यस्थ जाळ्याला विचारते; आणि जाळे ती विचारणा कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोचवते. ती बँक शिल्लक पाहून रक्कम नावे टाकते आणि होकार कळवते. होकार त्याच वाटेने उलटा येतो, आणि मगच यंत्र नोटा मोजू लागते. खात्यातून रक्कम आधी जाते व नोटा नंतर बाहेर येतात, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मधल्या काही सेकंदांत वीज गेली, नोट अडकली किंवा तोंडाशी असलेले दार उघडले नाही, तर ‘पैसे दिले नाहीत, नोंद उलटवा’ असा संदेश यंत्राने पाठवायचा असतो. तो पोचला तर गेलेली रक्कम पुन्हा जमा दिसते. तो वाटेत हरवला, किंवा होकारच इतक्या उशिरा आला की यंत्राने वाट पाहणे सोडून दिले होते, तर खात्यात एक आणि पेटीत दुसरेच अशी स्थिती निर्माण होते. परदेशातील व्यवहारात वाट लांब आणि टप्पे अधिक, म्हणून असा खंड पडण्याच्या जागाही अधिक.

नोटा कमी येण्याचे कारण वेगळे असते. दोन नोटा चिकटून आल्या तर जाडी मोजणारी योजना ते ओळखते आणि त्या जोडीला नाकारलेल्या नोटांच्या निराळ्या पेटीत टाकते. ही योजना बहुतेक वेळा बिनचूक चालते, पण जुन्या, ओलसर किंवा चिकटपट्टी लावलेल्या नोटांपुढे ती फसू शकते. याखेरीज वीसच्या नोटांच्या पेटीत भरणाऱ्याने दहाच्या नोटा भरल्या, असेही घडते. यंत्राच्या नावावर खपणाऱ्या चुकांपैकी ही चूक निव्वळ माणसाची आहे.

या सर्वांचा उलगडा रुजवातीच्या वेळी होतो, निदान व्हावा अशी अपेक्षा असते. यंत्रात नव्याने नोटा भरताना उरलेली रोकड आणि नाकारलेल्या नोटा मोजून त्यांचा यंत्राच्या नोंदवहीशी ताळा घेतात. नोंदीपेक्षा रोकड जास्त निघाली की कोणाला तरी कमी मिळाले हे उघड होते. म्हणून तक्रारदाराच्या म्हणण्याला दुजोरा देणारी वस्तू जगात अस्तित्वात असते. ती यंत्राच्या पोटात असते. परंतु बँका ‘रुजवात बरोबर आहे’ एवढ्या एका वाक्यावर तक्रार निकालात काढतात, तेव्हा एक गोष्ट दृष्टीआड होते. रुजवात एका व्यवहाराची नसते, दोन भरण्यांमधील शेकडो व्यवहारांची असते. एकाला वीस पौंड कमी आणि दुसऱ्याला वीस जास्त गेले असतील तर बेरीज शून्य येते आणि दोन्ही चुका झाकल्या जातात. जास्त मिळालेला मनुष्य सहसा तक्रार करीत नाही. तेव्हा तक्रारदाराने केवळ रुजवातीचा निकाल न मागता आपल्या व्यवहाराच्या वेळेची यंत्राची नोंद मागावी. नोट अडकल्याची किंवा दार न उघडल्याची खूण तिच्यात आढळू शकते.

बँकांची बाजूही अगदीच निराधार नाही. न उचललेल्या नोटा काही सेकंदांनी आत ओढून घेण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. गठ्ठ्यातील मधल्या नोटा हळूच काढून घ्यायच्या, वरखालच्या दोन यंत्राला आत ओढू द्यायच्या, आणि मग काहीच मिळाले नाही अशी तक्रार करायची, हा प्रकार अनेक ठिकाणी घडला. भारतात याच कारणाने ही सोय काही वर्षे बंद ठेवण्यात आली होती.

यंत्रासमोर

परक्या गावात यंत्राने दगा दिला की माणसाचा पहिला कल तीच रक्कम पुन्हा मागून पाहण्याकडे असतो. तो आवरावा. सारख्याच रकमेचे दोन व्यवहार पाठोपाठ नोंदले गेले की त्यांतील फसलेला कोणता आणि पार पडलेला कोणता, हे नंतर कागदावर वेगळे काढणे जिकिरीचे होते. पैशांची निकड असल्यास दुसरे यंत्र गाठावे आणि रक्कम निराळी मागावी. पावती निघाली असेल तर ती जपावी. न निघाल्यास यंत्राचा क्रमांक, मालक बँकेचे नाव, रस्ता आणि वेळ टिपून घ्यावी. यंत्राचे तोंड तपासून पाहणेही इष्ट असते, कारण तेथे पट्टी चिकटवून नोटा अडवणारे आणि खातेदार निघून गेल्यावर त्या काढून नेणारे चोर युरोपातील शहरांत आढळले आहेत. अशा वेळी मदतीस धावून येणाऱ्या अनोळखी गृहस्थाला गुप्त अंक पुन्हा दाबून दाखवू नये, हे वेगळे सांगावयास नको.

वेळेच्या बाबतीत एक बारकावा आहे. लीड्समध्ये जानेवारीत रात्री साडेदहा वाजता केलेला व्यवहार भारतातील घड्याळाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे चारचा असतो. खातेउताऱ्यावर पुढची तारीख आणि तक्रारीत आदली तारीख आली की ‘त्या दिवशी असा व्यवहार आढळत नाही’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. म्हणून स्थानिक वेळ लिहावी, ती स्थानिक असल्याचे स्पष्ट म्हणावे, आणि शेजारी भारतीय वेळही द्यावी. दुसरी अडचण दूरध्वनीची. पुष्कळ लोक परदेशी गेल्यावर भारतातील मोबाइल क्रमांक बंद पडू देतात. बँकेचे संदेश त्याच क्रमांकावर जातात, आणि खात्यातून काय गेले हे महिन्याचा उतारा पाहीपर्यंत कळत नाही. शिवाय २०२० पासून भारतातील नव्या कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद ठेवलेला असतो व तो खातेदाराने मागून सुरू करून घ्यावा लागतो. तो सुरू न केल्याने आलेला नकार ही यंत्राची चूक नव्हे.

एक यंत्र, दोन कार्डे

समजा, भारतातून ब्रिटनमध्ये शिकावयास गेलेल्या एका विद्यार्थिनीजवळ दोन कार्डे आहेत: एक तेथील बँकेचे, एक भारतातील बँकेचे. दोन्ही कार्डांनी तिने एकाच यंत्रातून, पाच मिनिटांच्या अंतराने, पैसे मागितले आणि दोन्ही वेळा यंत्राने काही न देता रक्कम नावे टाकली. चूक एकच, तथापि तिच्या हातात येणारे हक्क सारखे नाहीत.

ब्रिटिश कार्डाच्या बाबतीत २०१७ सालचे देयक सेवा नियम लागू होतात. व्यवहार बरोबर पार पडला नाही असे खातेदाराने म्हटले, की तो रीतसर पडताळला गेला, अचूक नोंदला गेला आणि कोणत्याही तांत्रिक बिघाडाची बाधा त्याला झाली नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर येते. चूक कळताच विनाविलंब कळवावे अशी अपेक्षा आहे, आणि तिची कमाल मर्यादा तेरा महिन्यांची आहे. बँकेने अंतिम उत्तर साधारणपणे पंधरा कामकाजी दिवसांत द्यावयाचे असते. ते समाधानकारक नसेल तर सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी ग्राहकाला काही खर्च येत नाही.

भारतीय कार्डाचा मार्ग निराळा. ज्या ब्रिटिश बँकेचे ते यंत्र, तिच्याशी या विद्यार्थिनीचे कोणतेही खाते-नाते नाही. तेथील शाखेत ती गेली तर कारकून सौजन्याने तिला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाण्यास सांगेल, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असेल. तक्रार भारतातील बँकेकडे करावयाची; ती बँक मध्यस्थ जाळ्याच्या नियमांनुसार यंत्राच्या मालकाकडे दावा लावते, आणि यंत्राच्या मालकाला नोंदी सादर कराव्या लागतात. या दाव्यांची मुदत महिन्यांत मोजली जाते, वर्षांत नव्हे. सुट्टीत घरी गेल्यावर पाहू, असे म्हणून वर्ष काढणारा मनुष्य आपला हक्क गमावतो.

भारतात रिझर्व्ह बँकेने या बाबतीत पुष्कळ काळजी घेतलेली आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यंत्राने पैसे न देता खाते नावे पडल्यास पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही न मागता, द्यावी लागते. परंतु ही तरतूद देशांतर्गत व्यवहारांपुरतीच आहे. दोन्ही टोके भारतात असतील तरच ती लागू होते, असे परिपत्रकातच म्हटले आहे. ज्याला पाच दिवसांच्या मुदतीची सर्वांत अधिक गरज, तो परमुलखात अडकलेला खातेदार नेमका तिच्या बाहेर राहतो. त्याला बँकेचे स्वतःचे तक्रार-धोरण आणि त्यानंतर लोकपाल एवढाच आधार उरतो. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्व लोकपाल योजना एकत्र केल्यापासून परदेशातून संगणकावरूनही तक्रार दाखल करता येते, ही त्यातल्या त्यात सोय आहे. मात्र त्यापूर्वी बँकेकडे लेखी तक्रार करून उत्तरासाठी तीस दिवस वाट पाहिलेली असावी लागते.

अमेरिकेचा कायदा सर्वांत जुना आणि एका अर्थी सर्वांत स्पष्ट आहे. १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण कायद्याने ‘चूक’ म्हणजे काय याची जी व्याख्या केली, तिच्यात यंत्राने चुकीची रक्कम देणे हे शब्दशः नमूद आहे. ज्या उताऱ्यावर चूक प्रथम दिसते, तो पाठवल्यापासून साठ दिवसांत खातेदाराने कळवावे. बँकेने दहा कामकाजी दिवसांत चौकशी पुरी करावी. ते न जमल्यास वादातील रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी आणि मग पंचेचाळीस दिवसांपर्यंत चौकशी चालवावी. अमेरिकेबाहेर झालेल्या व्यवहारासाठी ही मुदत नव्वद दिवसांची आहे. न्यू जर्सीत राहणारा गृहस्थ सुट्टीत मुंबईस आला आणि येथील यंत्राने त्याच्या अमेरिकन कार्डाला फसवले, तर त्याला हा नव्वद दिवसांचा नियम लागू पडेल. रिझर्व्ह बँकेचे रोजचे शंभर रुपये त्याच्या वाट्याला येणार नाहीत.

न्यायालयातील साक्ष

यंत्राची नोंद खरी की माणसाचा शब्द खरा, हा प्रश्न न्यायालयापुढे लवकरच आला. न्यूयॉर्कच्या दिवाणी न्यायालयात १९८० साली एका महिलेने सिटीबँकेविरुद्ध दावा लावला. तिच्या खात्यातून यंत्राद्वारे आठशे डॉलर गेले होते. बँकेने संगणकाचे छापील कागद पुढे केले. कार्ड आणि गुप्त अंक दोन्ही तिच्याजवळ असताना दुसरा कोणी पैसे काढूच शकत नाही, हा बँकेचा युक्तिवाद. महिलेने आपण त्या वेळी कामावर होतो असे आपल्या मालकाचे पत्र सादर केले. न्यायाधीशांनी यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवून व्याजासह रक्कम देवविली.

ब्रिटनमधील एका प्रकरणाचा शेवट इतक्या सहजपणे झाला नाही. केंब्रिजजवळ राहणारा एक पोलीस शिपाई १९९२ च्या सप्टेंबरात ग्रीसमधील सुट्टीवरून परतला, तेव्हा त्याच्या खात्यातून त्याला अमान्य असलेल्या सहा व्यवहारांत मिळून ४६० पौंड गेलेले होते. त्याने तक्रार केली. वित्तसंस्थेने आपली यंत्रणा चुकूच शकत नाही अशी भूमिका घेतली, आणि खोटी तक्रार करून पैसे उकळण्याचा प्रयत्न केल्याबद्दल उलट त्याच्यावरच खटला झाला. १९९४ साली तो दोषी ठरला. अपिलात त्याच्या बाजूच्या तज्ज्ञाला वित्तसंस्थेची संगणकव्यवस्था तपासू द्यावी असे न्यायालयाने सांगितले, वित्तसंस्थेने ते नाकारले, आणि तपासू न दिलेल्या यंत्रणेचा पुरावा ग्राह्य धरता येणार नाही या मुद्द्यावर १९९६ साली तो निर्दोष सुटला. मधली चार वर्षे त्याने कशी काढली असतील, याची कल्पना करता येते. हा तज्ज्ञ म्हणजे केंब्रिज विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ रॉस अँडरसन. बँकांच्या यंत्रणा का फसतात याविषयी त्यांनी १९९३ साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. गुप्तलेखनाचे गणित फोडून होणाऱ्या चोऱ्या दुर्मीळ असतात, बहुतेक घोटाळे ढिसाळ व्यवस्था आणि रोजच्या हलगर्जीपणातून होतात, असे त्यांनी त्यात उदाहरणांनिशी दाखवले होते. पुढे युरोपात आणि ब्रिटनमध्ये सिद्धतेचा भार बँकेवर टाकणारे नियम आले. भारतातही रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, संमतीवाचून झालेल्या व्यवहारात ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर ठेवले. तथापि हे परिपत्रक खातेदाराने न केलेल्या व्यवहारांसंबंधी आहे. ज्याने पैसे स्वतःच मागितले आणि यंत्राने दिले नाहीत, त्याने आपल्या तक्रारीत हे दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. तसे केल्यास बँक प्रथम कार्ड बंद करते, आणि परदेशात नवे कार्ड मिळेपर्यंत काही आठवडे लागू शकतात.

यंत्राने जास्त पैसे दिले तर काय, असा प्रश्न कधी थट्टेने आणि कधी गंभीरपणे विचारला जातो. ऑस्ट्रेलियात एका मनुष्याने आपले खाते बंद केल्यानंतर जुन्याच कार्डाने दोनशे डॉलर काढले. यंत्र त्या वेळी संगणकापासून तुटलेले होते आणि योग्य गुप्त अंक दाबणाऱ्या कोणालाही पैसे देत होते. यंत्राने दिले म्हणजे बँकेने संमतीने दिले, असा त्याचा बचाव होता. १९८६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि चोरीची शिक्षा कायम केली. आयर्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये एका बँकेच्या यंत्रणेत बिघाड होऊन शिल्लक नसलेल्यांनाही पैसे मिळू लागले आणि रात्री यंत्रांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी ती सर्व रक्कम त्यांच्या खात्यांत नावे पडली. भारतात १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम चुकून मिळालेले पैसे परत करण्यास सांगते. परदेशात विद्यार्थी म्हणून किंवा नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या माणसाला अशा रकमेपायी फौजदारी चौकशीला तोंड द्यावे लागले, तर तेथील त्याचे वास्तव्यच धोक्यात येऊ शकते. जास्त आलेले पैसे लेखी कळवून वेगळे ठेवणे त्याच्या दृष्टीने केवळ नीतीचे नाही, शहाणपणाचेही आहे.

तक्रार मान्य झाली तरी हिशेब पुरता मिटतोच असे नाही, कारण मध्ये हुंडणावळ असते. समजा, न मिळालेले दोनशे पौंड १०५ रुपयांच्या दराने नावे पडले, म्हणजे २१,००० रुपये. त्यावर साडेतीन टक्के परकीय व्यवहाराचा आकार ७३५ रुपये आणि त्या आकारावर अठरा टक्के कर १३२ रुपये ३० पैसे. सहा आठवड्यांनी दोनशे पौंड १०४ च्या दराने परत आले तर जमा होतात २०,८०० रुपये. यंत्राने दिलेली रक्कम शून्य, बँकेच्या लेखी तक्रार निकालात, आणि खातेदाराच्या पदरी १,०६७ रुपये ३० पैशांची तूट. दरातील फरक, आकार आणि कर या तिन्हींची स्वतंत्र आकड्यांनिशी मागणी तक्रारीच्या पहिल्याच पत्रात लिहावी. त्यासाठी व्यवहाराच्या दिवसाचा आणि परताव्याच्या दिवसाचा असे खात्याचे दोन उतारे जवळ असावे लागतात.